जपानी कुंभारकला आणि बदलते दैनंदिन जीवन : माशिको व हामादा शोजी यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

हस्तकलांविषयीच्या आपल्याकडील चर्चासत्रांत बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक सूर ऱ्हासाचा असतो. यंत्रयुग आले, कारागीर देशोधडीला लागला, कला लोपली, अशी त्याची मांडणी असते. दुसरा सूर जतनाचा असतो. शासनाने अनुदान द्यावे, संग्रहालय उभारावे, पुरस्कार द्यावेत, असे तो सुचवतो. दोन्ही सुरांमागे एक गृहीतक दडलेले आहे. परंपरा ही पूर्वीच पूर्ण झालेली वस्तू असून आपल्या हाती तिची केवळ राखण उरली आहे, असे ते गृहीतक होय. वस्तू ज्या स्वयंपाकघरासाठी घडत होती ते स्वयंपाकघरच बदलले, तर त्या वस्तूचे नेमके काय राखायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आकार राखायचा, तंत्र राखायचे, की रोजच्या वापराशी असलेले नाते राखायचे? तिन्ही गोष्टी एकाच वेळी राखता येतात, असा समज असेल तर तो तपासून पाहिला पाहिजे.

प्रस्तुत लेखात जपानमधील माशिको या कुंभारगावाच्या आधारे हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न केला आहे. माशिको टोकियोच्या उत्तरेस, सुमारे शंभर किलोमीटरवर, तोचिगी प्रांतात आहे. विसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम जपानी कुंभारांपैकी एक असलेले हामादा शोजी (१८९४–१९७८) यांनी हे गाव आपले मानले आणि त्यांच्यामुळे ते जगाच्या नकाशावर आले. (जपानी रीतीनुसार या लेखात आडनाव आधी दिले आहे.) तथापि हामादांचा गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही. रांजण आणि वाटणाच्या कुंड्या घडवणाऱ्या गावाने आधुनिक शहरी माणसाच्या ताटापर्यंतचा प्रवास कसा केला, त्यात काय टिकले, काय बदलले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

माशिकोची ‘परंपरा’ किती जुनी?

जपानी कुंभारकलेचा उल्लेख होताच आपल्या मनात हजारो वर्षांचा इतिहास उभा राहतो. जपानच्या बाबतीत तो खराही आहे. माशिकोच्या बाबतीत मात्र तसे नाही. शेजारच्या कासामा येथे शिकून आलेल्या ओत्सुका केइझाबुरो यांनी १८५३ च्या सुमारास येथे पहिली भट्टी घातली. ज्या वर्षी अमेरिकन आरमाराची जहाजे जपानच्या किनाऱ्यावर येऊन ठेपली, तेच हे वर्ष. म्हणजे माशिकोचा उद्योग आणि आधुनिक जपान हे जवळजवळ समवयस्क आहेत. कुरोबाने या संस्थानाने या उद्योगाला उत्तेजन दिले आणि माल किनू नदीतून नावांनी एदो, म्हणजे आजच्या टोकियोकडे जाऊ लागला.

हा माल शोभेचा नव्हता. पाण्याचे रांजण, मिठाच्या व लोणच्याच्या बरण्या, आतून खाचा असलेल्या वाटणाच्या कुंड्या, चहाच्या किटल्या असे त्याचे स्वरूप होते. माशिकोची माती वाळूमिश्रित, लोहयुक्त आणि भरड आहे. तिच्यातून चिनीमातीसारखे पातळ, नाजूक काम होत नाही. पण जाड बुडाचे, दणकट भांडे ती उत्तम देते आणि भाजल्यावर सहसा तडकत नाही. झिलया मोजक्याच होत्या आणि त्यांची सामग्री आसपासच मिळत असे. माशिकोची ओळख बनलेली तांबूस-तपकिरी ‘काकी’ झिलई अशिनुमा येथील दगडाची पूड पाण्यात कालवून तयार होते. तिचा रंग पिकलेल्या पर्सिमन फळाच्या रंगाची आठवण करून देतो आणि ‘काकी’ हे त्या फळाचेच नाव. त्याच दगडाच्या पुडीत लाकडाची राख मिसळली की काळी झिलई होते. भाताच्या तुसांच्या राखेपासून दुधाळ पांढरी झिलई होते आणि तिच्यात तांबे घातले की हिरवी. दगड, राख, तूस आणि थोडे तांबे एवढ्या भांडवलावर एका गावाचा रंगपट उभा होता. शेतीप्रधान प्रदेशात तूस आणि राख यांना तोटा नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. या झिलया म्हणजे त्या परिसराच्या शेतीचीच एक उपशाखा म्हणाव्या लागतील.

स्वयंपाकघर बदलले तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी शहरांतील स्वयंपाकघरे बदलू लागली. नळाचे पाणी आले आणि रांजणाचे काम संपले. धातूची भांडी आली. चुलीच्या जागी गॅस आला. माशिकोच्या मालाला उतार लागला. पुढे १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात प्रलयंकारी भूकंप झाला. लाखो घरे नष्ट झाली आणि पुन्हा संसार मांडणाऱ्यांना भांडी हवी होती. त्यामुळे माशिकोला काही काळ बरे दिवस आले. पण ही मागणी संकटातून आलेली होती. मूळ प्रश्न तिने सोडवला नाही, फक्त पुढे ढकलला.

या काळात माशिकोने अंगिकारलेला एक उद्योग विशेष लक्षणीय आहे. जपानी रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना मातीच्या लहान किटलीतून चहा विकला जात असे. या ‘रेल्वे किटल्या’ निरनिराळ्या कुंभारगावांत बनत, त्यांत माशिकोही होते. आपल्याकडील रेल्वे स्थानकांवरच्या कुल्हडाशी त्यांचे नाते सहज ध्यानात येईल. आधुनिकतेचे सर्वांत ठळक प्रतीक असलेल्या आगगाडीनेच जुन्या कुंभाराला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले, हे या उद्योगातून दिसते. पुढे प्लास्टिकच्या चहापात्रांनी या किटल्यांची जागा घेतली. पण रेल्वे आणि माशिको यांचा संबंध तेथे संपला नाही. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात यावे लागेल.

घरगुती वापराच्या किटल्यांवर निसर्गदृश्य रंगवण्याची पद्धतही माशिकोत रुजली होती. हे रंगकाम करणाऱ्यांत मिनागावा मासू (१८७४–१९६०) या स्त्रीचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्या लहानपणापासून हे काम करत आणि एका भट्टीकडून दुसऱ्या भट्टीकडे जाऊन, नगावर मजुरी घेऊन किटल्या रंगवत. डोंगर, पाणी, झाड आणि झोपडी एवढेच चित्र त्या कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढीत. दिवसाकाठी शेकडो किटल्या त्यांच्या हातून पार पडत. जे चित्र एकदा काढताना चित्रकार विचार करतो, ते लाखो वेळा काढल्यावर हातात विचाराला जागाच उरत नाही. फटकारा आपोआप आणि निर्मळ येतो. पुढे कलासमीक्षकांनी नेमक्या याच गुणाचे कौतुक केले. पण त्या कौतुकाने नगावरची मजुरी वाढली का, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांनी फारसा विचारलेला दिसत नाही.

हामादा शोजी : बाहेरून आलेला माणूस

हामादा मूळचे माशिकोचे नव्हेत आणि कुंभाराच्या घरातलेही नव्हेत. त्यांचे शिक्षण टोकियोच्या उच्च तांत्रिक विद्यालयाच्या मृत्तिकाशिल्प विभागात झाले. १९१६ मध्ये पदविका घेतल्यावर त्यांनी क्योतो येथील नगरपालिकेच्या मृत्तिका संशोधन संस्थेत झिलयांवर प्रयोग केले. तेथे कावाई कान्जिरो हे ज्येष्ठ सहकारी त्यांच्यासोबत होते. थोडक्यात, राखेची झिलई हामादांनी आजोबांकडून वारशाने घेतली नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीतून ते तिच्यापर्यंत पोहोचले होते. ‘पारंपरिक कुंभार’ या शब्दप्रयोगामागील ही गुंतागुंत अभ्यासकांनी दुर्लक्षून चालणार नाही.

१९२० मध्ये ते इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट आइव्ह्ज या गावी गेले. तेथे दोघांनी भट्टी उभारली. १९२३ मध्ये लंडनमध्ये हामादांचे स्वतंत्र प्रदर्शनही झाले. परंतु त्यांच्या पुढील आयुष्यावर खोल ठसा उमटला तो डिचलिंग या खेड्याचा. तेथे एथेल मेरेट ही विणकर राहत असे. हाताने विणलेले कापड, हाताने घडवलेली भांडी, साधे जेवण आणि त्यातूनच चालणारी उपजीविका, असे तिचे जीवन होते. मराठी वाचकांना येथे एक धागा ओळखीचा वाटेल. ही एथेल पूर्वी आनंद कुमारस्वामी यांची पत्नी होती आणि त्यांच्यासोबत सिलोनमधील कारागिरीच्या अभ्यासात सहभागी झाली होती. औद्योगिक इंग्लंडमधील खेड्यात राहून कला आणि जेवणाचे टेबल एकत्र ठेवता येते, हे हामादांनी तेथे पाहिले. भूकंपानंतर ते जपानला परतले आणि १९२४ मध्ये माशिकोत आले.

तेथे त्यांचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. शहरात शिकलेला, परदेश पाहून आलेला हा तरुण गावात कशासाठी आला, हे गावकऱ्यांना उमगेना. साकुमा तोतारो या स्थानिक कुंभाराने आपल्या भट्टीवर त्यांना जागा दिली. १९३० मध्ये हामादांनी एक जुने शेतघर विकत घेऊन ते माशिकोत हलवले आणि तेथे कायमचे बस्तान बसवले. पुढे अशी आणखी जुनी घरे त्यांनी आपल्या आवारात आणून उभी केली.

हामादांनी माशिकोत काय बदलले नाही, ते आधी पाहिले पाहिजे. प्रशिक्षित मृत्तिकातज्ज्ञ म्हणून बाहेरून अधिक शुद्ध माती मागवणे किंवा मिश्रण सुधारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी भरड माती तशीच ठेवली. काकी झिलई तशीच ठेवली. तुसांची राख तशीच ठेवली. काठीने फिरवायचे हातचाक तसेच ठेवले. आपल्याकडील कुंभार चाकाच्या भोकात दांडा घालून ते गरगरा फिरवतो, तसेच मांडी घालून बसून ते चाक फिरवीत. मात्र भांडे कशासाठी आहे, ते त्यांनी बदलले. पाण्याच्या रांजणावरची काकी झिलई त्यांनी जेवणाच्या थाळीवर आणली. मिठाच्या बरणीवरची काळी झिलई चौकोनी साच्यातल्या बाटलीवर आणली. इंग्लंडमध्ये पाहिलेल्या सुरईचा मजबूत कान त्यांच्या सुरयांना आला. ओकिनावा बेटांवरील मुक्कामात पाहिलेल्या उसाच्या पानांचा आकृतिबंध त्यांनी तीन-चार फटकाऱ्यांत पकडला आणि तो आयुष्यभर रंगवला. नंतरच्या काळात मीठ भट्टीत टाकून मिळणारी पाश्चात्त्य पद्धतीची झिलईही त्यांनी स्वीकारली. मोठ्या थाळीवर ओगराळ्याने झिलईची धार सोडण्याची त्यांची पद्धत तर प्रसिद्धच आहे. या कामाला जेमतेम पंधरा सेकंद लागतात, असे एका पाहुण्याने म्हटले, तेव्हा त्यांनी त्या पंधरा सेकंदांत साठ वर्षे मिळवून सांगितली, अशी आख्यायिका आहे.

‘माती-झिलई-चाक कायम, प्रयोजन नवे’ ही दिशा साकुमा तोतारो यांच्यासारख्या स्थानिक कुंभारांनी उचलली. त्यांचा जन्म भट्टी असलेल्या घरातच झाला होता. रांजणांची मागणी ओसरल्यावर पुढे काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न उपजीविकेचा होता. सौंदर्यशास्त्राशी त्याचा संबंध दूरचा होता. त्यांनी थाळ्या, वाडगे, विनाकानाचे चहाचे पेले यांकडे मोर्चा वळवला. माशिकोच्या इतिहासलेखनात हामादांचे नाव जितके येते तितके साकुमांचे येत नाही. तथापि बदल खरोखर कसा पसरतो हे समजून घ्यायचे असेल, तर बाहेरून आलेल्या प्रतिभावंताइतकेच त्याला भट्टीवर जागा देणाऱ्या शेजाऱ्याकडेही पाहिले पाहिजे.

लोककला, निनावीपण आणि किंमत

१९२५ च्या अखेरीस हामादा, कावाई आणि विचारवंत यानागी सोएत्सू यांनी ‘मिंगेई’ हा शब्द घडवला. ‘लोक’ आणि ‘हस्तकौशल्य’ या अर्थांच्या शब्दांचा तो संक्षेप आहे. सामान्य माणसांच्या वापरासाठी, अज्ञात कारागिरांनी, मोठ्या संख्येने आणि स्वस्त घडवलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, असा यानागींचा सिद्धान्त होता. १९३६ मध्ये टोकियोत या विचाराचे संग्रहालय, निप्पोन मिंगेइकान, सुरू झाले. आपल्याकडेही हा विचार लवकर पोहोचला. १९१९ च्या सुमारास जपानमध्ये शिकायला गेलेले गुरुचरण सिंग पुढे दिल्लीतील स्टुडिओ कुंभारकामाचे अध्वर्यू ठरले. ते तेथे लीच व यानागी यांच्या वर्तुळात वावरले होते.

हा सिद्धान्त आकर्षक आहे, पण त्यात एक गाठ आहे. हामादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसत, आणि निनावीपणाच्या आदर्शाशी ते सुसंगतच होते. परंतु जपानी प्रथेनुसार मोलाचे भांडे लाकडी पेटीत ठेवले जाते आणि त्या पेटीवर कर्त्याची सही असते. हामादा पेटीवर सही करीत. परिणामी भांडे निनावी राहिले आणि पेटी मात्र नावाची झाली. संग्राहकाला दोन्ही लागत असे. १९५५ मध्ये जपान सरकारने महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपदेच्या पहिल्या धारकांत हामादांची निवड केली. लोकभाषेत या धारकांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. १९६८ मध्ये त्यांना संस्कृती सन्मानही मिळाला. तेव्हापासून त्यांची थाळी रोजच्या जेवणाला वापरण्याचे धाडस सामान्य घरात कोण करणार? रोजच्या वापरासाठी म्हणून घडवलेली वस्तू तिच्या कर्त्याच्या कीर्तीमुळेच रोजच्या वापरातून उठली. या विसंगतीचा दोष हामादांच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. ते स्वतः आपल्या घरी आपल्याच भांड्यांत जेवत आणि पाहुण्यांनाही वाढीत. पण विसंगती आहे, आणि मिंगेई विचाराच्या अनेक प्रशस्तिपर लेखनांत ती सोयीस्करपणे टाळली जाते. युको किकुची यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विचारामागील सांस्कृतिक राष्ट्रवादाचीही चिकित्सा केली आहे. त्या चर्चेचा विस्तार येथे शक्य नाही.

याच संदर्भात ओंता या दुसऱ्या गावाची तुलना उपयुक्त ठरते. क्यूशू बेटावरील हिता शहराजवळच्या या डोंगरी वस्तीत १७०५ पासून सुमारे दहा कुटुंबे भांडी करीत आली आहेत. ओढ्याच्या पाण्याने वर-खाली होणाऱ्या लाकडी उखळ्या तेथे अजूनही माती कुटतात. त्यांचा धप्‌ धप्‌ आवाज रात्रंदिवस चालू असतो. बाहेरचा शिकाऊ कारागीर घ्यायचा नाही, वैयक्तिक सही करायची नाही, असे तेथील संकेत आहेत. १९९५ मध्ये या सामूहिक तंत्रालाही राष्ट्रीय मान्यता मिळाली. पण ओंतात राहून अभ्यास करणाऱ्या ब्रायन मोएरन या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवले आहे की, कीर्ती आणि वाढती मागणी यांमुळे तेथील सामूहिक जीवनावरही ताण आलाच. माशिकोने दार उघडले आणि ओंताने बंद ठेवले. बाजार मात्र दोन्हीकडे पोहोचला.

माशिकोचे दार किती उघडे होते, याचे एक उदाहरण शिमाओका तात्सुझो (१९१९–२००७) यांचे देता येईल. टोकियोत रेशमी दोर विणणाऱ्या कारागिराचे ते पुत्र. हामादांकडे शिकून १९५३ मध्ये त्यांनी माशिकोत स्वतःची भट्टी घातली. ओल्या मातीवर दोर फिरवून उमटलेल्या खळग्यांत पांढरी माती भरायची आणि वरचा थर खरवडायचा, ही त्यांची पद्धत. प्रागैतिहासिक जपानी भांड्यांवरील दोरांचे ठसे आणि वडिलांचा व्यवसाय या दोहोंचा तो संगम होता. १९९६ मध्ये त्यांनाही ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. त्यांच्याप्रमाणेच युद्धोत्तर काळात बाहेरून अनेक तरुण माशिकोत आले. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० व १९७० च्या दशकांत लोककलेची लाट आली. तेव्हा हामादांच्या थाळीसारख्या थाळ्या आणि हामादांच्या फटकाऱ्यासारखे फटकारे शेकडोंनी निघू लागले. आयुष्यभराच्या सरावातून आलेली धार अनुकरणात केवळ नक्षी उरते. १९६६ मध्ये सुरू झालेली माशिकोची कुंभारजत्रा आता वर्षातून दोनदा भरते आणि तेथे आजही दोन्ही प्रकारचा माल शेजारी-शेजारी मांडलेला असतो.

एका माणसाच्या भाताचे भांडे

आता रेल्वेकडे परत येऊ. टोकियोहून कारुइझावाकडे जाणारी जुनी रेल्वे उसुई घाट चढत असे. हा चढ इतका तीव्र होता, साधारण पंधरास एक, की पायथ्याच्या योकोकावा स्थानकावर गाडीला साहाय्यक इंजिन जोडावे लागे. त्यासाठी गाडी तेथे थांबे. आपल्याकडील बोरघाट वा कसारा घाट रेल्वेने पार केलेल्यांना हा थांबा समजावून सांगण्याची गरज नाही. या स्थानकावर ओगिनोया ही जुनी कंपनी प्रवाशांना जेवणाचे डबे विकत असे. पण प्रवाशांना थंड डब्यांचा कंटाळा आला होता. कंपनीच्या तत्कालीन अध्यक्ष असलेल्या बाईंनी प्रवाशांकडेच विचारणा केली, तेव्हा गरम आणि घरच्यासारखे जेवण हवे, असे उत्तर मिळाले. १९५८ मध्ये माशिकोतील त्सुकामोतो या भट्टीने घडवलेल्या, एका माणसाला पुरेल एवढ्या झाकणाच्या भांड्यात भात विक्रीस आला. भातावर कोंबडी, अळंबी, बांबूचे कोंब, लावा पक्ष्याचे अंडे, चेस्टनट आणि जर्दाळू. ‘तोगे नो कामामेशी’, म्हणजे घाटावरचा भांड्यातला भात, या नावाने तो देशभर गाजला.

या भांड्याची रचना पाहण्यासारखी आहे. वरचा भाग तपकिरी, खालचा भाग झिलईविना मातीचा, मध्ये एक कंगोरा आणि वर जाड झाकण. जुन्या जपानी घरांत चुलीच्या भोकात रुतून बसणारी कडेची हंडी भातासाठी वापरत. तिचाच हा छोटा अवतार. माशिकोची भरड, जाड माती येथे दोष न ठरता गुण ठरली, कारण ती उष्णता धरून ठेवते. चुली गेल्या, एकत्र कुटुंबाची मोठी हंडी गेली. पण एकटा प्रवास करणारा माणूस नव्याने निर्माण झाला होता आणि त्याच्या मापाची हंडी माशिकोने घडवली. जेवण संपल्यावर भांडे प्रवाशाचेच. ते घरी नेऊन त्यात पुन्हा एका माणसाचा भात शिजवता येतो. असंख्य जपानी घरांच्या फडताळांत अशी भांडी आजही सापडतील.

हे भांडे यंत्राच्या साह्याने, मोठ्या संख्येने तयार होते. हातचाकाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून अनेक कलाभ्यासक त्याला विचारात घेत नाहीत. परंतु यानागींच्या कसोट्या क्रमाने लावून पाहाव्यात. कर्ता अज्ञात आहे. संख्या मोठी आहे. किंमत जेवणातच सामावलेली आहे. वापर रोजचा आणि सामान्यांचा आहे. माती दणकट आहे. हाताने घडवणे ही एक अट वगळता सर्व अटी हे भांडे पुरी करते. हामादांची थाळी मात्र हाताची अट पुरी करूनही उरलेल्यांपैकी निम्म्या अटींत बसत नाही. मिंगेईच्या आदर्शाचा अधिक खरा वारस कोण, या प्रश्नावर प्रस्तुत लेखकाचे मत हंडीच्या बाजूने झुकते. यानागींना ते रुचले असते असे मात्र म्हणवत नाही.

त्याच १९५८ साली नागासाकी प्रांतातील हासामी येथे मोरी मासाहिरो या आरेखनकाराने सोया सॉससाठी चिनीमातीची एक लहान बाटली आरेखित केली. तिची चोच थेंब न गळू देणारी आहे. साच्यात ओतून तयार होणारी ही बाटली आजही बाजारात मिळते. हासामीने आरेखनकाराला कारखान्यात आणले, तर माशिकोने गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे भट्टीपर्यंत नेले. दोन्ही मार्ग यशस्वी झाले, पण पहिल्या मार्गात आरेखनकाराचे नाव उरले आणि दुसऱ्यात कोणाचेच नाही.

कायद्यातील ‘परंपरा’

जपानने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांच्या संवर्धनासाठी कायदा केला. मान्यतेसाठी त्यातील अटी बोलक्या आहेत. वस्तू मुख्यतः दैनंदिन जीवनात वापरली जाणारी असावी. निर्मितीचा प्रमुख भाग हाताने व्हावा. तंत्र आणि कच्चा माल परंपरागत असावा. विशिष्ट प्रदेशात पुरेशा संख्येने लोक त्या व्यवसायात असावेत. ‘परंपरागत’ याचा अर्थ व्यवहारात सुमारे शंभर वर्षांचे सातत्य असा लावला जातो. माशिकोला १९७९ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या भट्टीला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. माशिको अटीत बसले खरे, पण फार मोठ्या फरकाने नव्हे.

या अटींतील पहिली अट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटते. हस्तकलेची व्याख्या तेथे वापरापासून सुरू होते, प्राचीनतेपासून नव्हे. आपल्याकडे हस्तकलांची सर्वेक्षणे करताना विद्यार्थ्यांना ‘ही कला किती जुनी?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला शिकवले जाते. ‘ही वस्तू काल कोणी, कशासाठी वापरली?’ हा प्रश्न प्रश्नावलीच्या शेवटी येतो किंवा येतच नाही. क्षेत्रपाहणीची प्रश्नावली तयार करताना हा क्रम उलटा करून पाहण्यास हरकत नसावी.

अर्थात कायद्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. आजच्या जपानी घरात सूक्ष्मलहरी शेगडी आहे, भांडी धुण्याचे यंत्र आहे, जागा कमी आहे आणि माणसेही कमी आहेत. भरड मातीचे भांडे पाणी शोषते, त्यावर डाग धरतात, बुडाने टेबलावर ओरखडे उठतात. माशिकोतील कुंभार यावर आपापल्या परीने उपाय करतात. कोणी भिंत पातळ करतो, कोणी बूड घासून गुळगुळीत करतो, कोणी भांडी एकात एक बसतील असे माप ठरवतो. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या या दुरुस्त्यांवरच भांडे फडताळात मागे जाणार की हाताशी राहणार, हे ठरते.

भूकंपानंतर

१ ऑक्टोबर १९९७ रोजी नागानोकडे जाणारी अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि उसुई घाटातील जुना लोहमार्ग बंद पडला. योकोकावा हे शेवटचे स्थानक उरले. साहाय्यक इंजिनासाठीचा थांबा गेला, पण घाटावरचा भात गेला नाही. तो महामार्गावरच्या उपाहारगृहांत आणि शहरांतील दुकानांत विकला जातो. अलीकडे हलक्या वजनाचे, कागदाच्या लगद्याचे भांडेही पर्याय म्हणून दिले जाते. वजनदार हंडी सोबत बाळगणे सर्वांनाच सोयीचे वाटत नाही.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपात माशिकोतील भट्ट्यांची मोठी हानी झाली. उतारावर कप्प्याकप्प्यांनी चढत जाणाऱ्या विटांच्या भट्ट्या हादऱ्यांनी ढासळल्या. हामादांनी १९७७ मध्ये आपल्या संग्रहासाठी स्थापन केलेल्या संदर्भ संग्रहालयाच्या आवारातील त्यांची भट्टीही कोसळली. त्यांचे नातू हामादा तोमोओ यांच्या पुढाकाराने ती पुन्हा बांधली गेली. २०१५ मध्ये ती पेटवण्यात आली, तेव्हा माशिको व परिसरातील अनेक कुंभारांनी आपापली भांडी तीत एकत्र भाजली. अशा भट्टीला लाकूड पुष्कळ लागते आणि रात्रंदिवस पाळ्या लावून जळण घालत राहावे लागते. म्हणून ती अधूनमधूनच पेटते. एरवी माशिकोतील बहुतेक कुंभार आपली रोजची भाजणी गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत करतात.